परताव्यावरचं व्याज

बाबा गेल्यावर सात महिन्यांनी अमेरिकेतून माझे पैसे आले. मोबाइल वाजला तेव्हा मी सुकापूरच्या आमच्या घराच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तिथल्या सरकारने माझ्या पगारातून जादा कापलेला आयकर परत केला होता आणि परत करायला उशीर झाला म्हणून त्यावर व्याजही दिलं होतं. मी आकडा दोनदा वाचला, हातातला पिळलेला टॉवेल पुन्हा बादलीत टाकला आणि आत येऊन खुर्चीवर बसले. आई भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कोनाचा मेसेज?"

"बँकेचा," मी म्हटलं.

पैसे आले हे पुढचे दहा-बारा दिवस मी तिला सांगितलं नाही. बाबा असताना या घरात रोज एकदा तरी प्रश्न यायचा, "तुजे पैशे आले का?" ते गेल्यापासून तो प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि आता त्याचं उत्तर द्यायची माझ्यात ताकद नव्हती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. साडेचार वर्षं अमेरिकेतल्या एका लहान शहरात, पुनर्वसन केंद्रात नोकरी केली. पक्षाघात झालेली, खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं तिथे यायची. त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं, खुर्चीतून उभं करायचं, दोन बाजूंच्या दांड्या धरून चार पावलं चालवायचं, हे माझं काम. परदेशी कामगार म्हणून गेले होते. नोकरी आहे तोवर व्हिसा, आणि व्हिसा आहे तोवर तिथे राहणं, असा सगळा मामला. तिथे फिलिपिन्सची एक नर्स आणि मी मिळून दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं होतं. दर महिन्याला मी घरी पैसे पाठवायचे आणि रविवारी आईबाबांशी बोलायचे.

बाबा मिठागरात राबणाऱ्यांच्या घरातले. आजोबांच्या पायांना मिठाने पडलेल्या चिरा त्यांनी लहानपणी पाहिल्या होत्या, म्हणून हट्टाने अकरावीपर्यंत शिकले आणि पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायला बसले. वारसनोंद, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, संपादन झालेल्या जमिनीचा मोबदला. डोंगराकडच्या कातकरी बाया जातीच्या दाखल्यासाठी यायच्या, त्या पैशांऐवजी कधी काकड्या ठेवून जायच्या, कधी करवंदं. घरी बोलताना बाबा आमच्या गावचंच बोलायचे, "आमी", "नाय", "हाय". पण कागदावर पेन टेकलं की त्यांच्या हातून शुद्ध, भारदस्त मराठी उतरायचं. कोणाच्या अर्जात काही चुकलं तर ते तो अर्ज फुकट पुन्हा लिहून देत. पुढे सगळं संगणकावर गेलं तेव्हा त्यांचं टेबल एका झेरॉक्सच्या दुकानात सरकलं, आणि मी नोकरीला लागल्यावर तेही बंद झालं.

सप्टेंबरातल्या एका दिवशी मी केंद्रात एका आजोबांचा खांदा हलवत होते आणि खिशातला फोन सारखा थरथरत होता. काम संपल्यावर पाहिलं तर आईचे सहा कॉल. ती म्हणाली, "यांच्या अंगावरून वारा गेलाय, बाय. उजवा हात उचलत नाय." मी विचारलं, "बोलतात का?" ती म्हणाली, "तुजं नाव घेतात. बाकी काय समजत नाय."

तीन आठवड्यांची रजा घेऊन मी निघाले. सोबत राहणाऱ्या त्या नर्सला सांगितलं, दिवाळीच्या आधी परत येते, माझ्या कुंडीला पाणी घाल. अर्धं सामान तिथेच ठेवलं.

दवाखान्यातून बाबांना घरी आणलं ते खुर्चीत बसवून. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. शेजारच्या चौघांनी खुर्ची उचलून दुसऱ्या मजल्यावर चढवली, आणि बाबा पूर्ण वेळ डोळे मिटून होते. लाज वाटत होती त्यांना. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांची रुग्णसेविका, फिजिओ आणि मुलगी अशी तिन्ही झाले. सकाळी हातापायांच्या हालचाली, दुपारी बसवणं, संध्याकाळी उभं करणं. तीन आठवडे संपले. मी रजा वाढवली, मग बिनपगारी वाढवली, आणि डिसेंबरात केंद्राकडून पत्र आलं की आता जागा भरावी लागेल. त्यांचीही अडचण होती. माझी वरिष्ठ बाई चांगली होती, फोनवर म्हणाली, पुढे जागा निघाली की तुला कळवेन. तेव्हापासून दर महिन्याला मी तिला एक मेल टाकत होते. हे मी घरी बोलत नव्हते.

फेब्रुवारीत तिथल्या आयकराचं विवरणपत्र भरायची वेळ झाली. आदल्या वर्षात मी सप्टेंबरपर्यंतच काम केलं होतं, पण पगारातून कर कापताना वर्षभराचा पगार धरून कापला होता. त्यामुळे बराच जादा कर माझ्याकडून गेला होता आणि तो परत मिळणार होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी फॉर्म भरायला बसले. बाबांना शेजारी खुर्चीत बसवलं होतं. त्यांचं लक्ष पडद्याकडे.

"काय भरतेस?"

मी समजावून सांगितलं. अर्जाचा विषय निघाला तसे त्यांचे डोळे जागे झाले. किती महिन्यांत मिळतात, कोणत्या कचेरीत जातो, चुकलं तर दुरुस्ती कशी करायची, सगळं विचारलं. त्यांचं बोलणं जड होतं, एकेका शब्दाला वेळ लागायचा, पण प्रश्न बरोबर होते.

पत्त्याचा रकाना आला तेव्हा मी अमेरिकेतल्या भाड्याच्या घराचा पत्ता लिहिला. सुकापूरचा लिहू शकले असते. पण सुकापूरचा लिहिला की मी परत आले हे पक्कं झालं असतं, आणि तेव्हा मला तसं व्हायला नको होतं. बाबांनी पत्ता पाहिला का, ते मला माहीत नाही.

उरणच्या रस्त्याला एक चांगलं पुनर्वसन केंद्र आहे. तिथे सहा आठवडे राहून उपचार घेता येतात, यंत्रं आहेत, बोलण्याचे उपचार करणारी बाई आहे. मी चौकशी करून आले. खर्च ऐकून बाबांनी नकारार्थी मान हलवली. माझी शिल्लक दवाखान्यात बरीच संपली होती. आई बांगड्या काढून द्यायला तयार होती, मी कर्ज काढायला तयार होते. बाबा दोन्हीला नाही म्हणाले.

"तुजे तिकडचे पैशे येऊ दे. मग बगू."

म्हणून आम्ही पैशांची वाट पाहू लागलो. मार्च गेला, एप्रिल गेला. तिथल्या कर खात्याच्या संकेतस्थळावर मी दर आठवड्याला पाहायची, तेच एक वाक्य यायचं, तुमच्या विवरणपत्रावर काम चालू आहे. बाबांची प्रगती होत होती. मे महिन्यात ते माझ्या खांद्यावर हात ठेवून गॅलरीपर्यंत चालले. खाली भाजीची गाडी उभी होती, तिच्याकडे पाहत पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "मेथी म्हाग झाली असंल." आई आत रडत होती. उजवा हात मात्र उठत नव्हता. डाव्या हाताने ते चमचा धरायला शिकले, मग पेन. जुन्या वहीत अ, आ, इ गिरवत बसायचे. मला वाटलं, व्यायाम म्हणून गिरवतायत.

जूनच्या मध्यावर एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. मांडीवर पाट, पाटावर फुलस्केप कागद.

"अर्ज केलाय," ते म्हणाले. "तुज्या पैशांचा. खाली विंग्रजीत लिही आनि रजिस्टर टाक."

चार दिवस लागले होते त्यांना तो लिहायला. डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरं, ओळी खाली घसरलेल्या, पण मायना जिथल्या तिथे. अमेरिकेच्या आयकर अधिकारी साहेबांच्या सेवेशी. विषय, कापलेला जादा कर परत मिळणेबाबत. मग, कारणे अर्ज सादर करतो की. मी हसत वाचायला लागले. पुढे लिहिलं होतं: 'अर्जदार ही माझी एकुलती एक मुलगी असून तिने आपल्या देशात साडेचार वर्षे प्रामाणिकपणे नोकरी केलेली आहे. माझ्या आजारपणामुळे तिला ती नोकरी सोडावी लागली. यात तिचा काहीही कसूर नाही. तरी तिचे पैसे तिला लवकर मिळावेत, म्हणजे ती तिकीट काढून पुन्हा आपल्या कामावर रुजू होऊ शकेल, ही नम्र विनंती.'

खाली अर्जदाराच्या सहीसाठी जागा सोडली होती, आणि त्याखाली त्यांची स्वतःची सही, अर्जदाराचे वडील म्हणून.

इतके महिने मी समजत होते की त्यांना ते पैसे उपचारांसाठी हवे आहेत. उरणच्या रस्त्यावरच्या त्या केंद्राला "मग बगू" म्हणाले तेव्हा त्यांनी मला नुसतं टाळलं होतं. तिथे त्यांना जायचंच नव्हतं. माझ्या तिकिटाची सोय होईपर्यंत मला कर्जात पडू द्यायचं नव्हतं, एवढंच.

"बरा झालाय ना?" त्यांनी विचारलं.

"छान झालाय, बाबा."

"उद्या टाक. पोस्टात गर्दी असते, लवकर जा."

मी तो कागद माझ्या खोलीत नेला आणि इंग्रजी करायला बसले. पहिल्या दोन ओळी झाल्या. 'माझ्या आजारपणामुळे' इथे आले आणि पुढे लिहिता येईना. दुसऱ्या दिवशी बसले, तेव्हाही नाही. शिवाय मनात हेही होतंच की हे पत्र तिथे कोण वाचणार आहे, एखाद्या यंत्राच्या पोटात जाईल आणि तिथेच राहील. तिसऱ्या दिवशी मी भाजी आणायला पनवेलच्या बाजारात गेले. परत आल्यावर बाबांनी विचारलं, "टाकला?"

"टाकला."

"पावती?"

बाबांनी लिहून दिलेला अर्ज घेऊन माणूस कचेरीत गेला की परत येताना त्यांना पोच दाखवायची, हा त्यांचा नियम होता. शिक्का बरोबर आहे का ते पाहून मगच ते त्याला घरी पाठवायचे. मी पर्समध्ये हात घालून शोधल्यासारखं केलं आणि म्हटलं, "बाजारात कुठेतरी पडली वाटतं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "असू दे."

त्यानंतर त्यांनी पावतीचं नाव काढलं नाही. "पैशे आले का" हे मात्र चालू राहिलं, पण आता ते चिडवल्यासारखं, थोडं हसून विचारत. मला वाटायचं, त्यांचा माझ्यावर विश्वास आहे आणि मी त्यांना फसवतेय. अर्ज माझ्या कपाटात कपड्यांखाली होता.

श्रावणातल्या एका सकाळी मी त्यांना उभं करायला गेले तर त्यांचं तोंड वाकडं झालेलं दिसलं आणि डोळा माझ्याकडे वळेना. दुसरा झटका, पहिल्यापेक्षा मोठा. पुन्हा खुर्ची, पुन्हा तेच चौघे शेजारी, पुन्हा जिना. तीन दिवसांनी दवाखान्यात ते गेले. मी त्यांचा डावा हात धरून बसले होते. तो हात चांगला मऊ, गरम होता, आणि मला त्या हाताच्या बोटांची किती हालचाल परत आली होती ते सांध्यागणिक माहीत होतं.

मला लोकांनी विचारलं, आधी त्या केंद्रात नेलं असतं तर? मी शिकलेली आहे, मला उत्तर माहीत आहे. दुसरा झटका व्यायामाने टळत नाही. तो रक्तदाबाचा, रक्तवाहिन्यांचा प्रश्न असतो. असं मी त्यांना सांगितलं आणि त्यांना पटलं. मला स्वतःला हे रोज नव्याने सांगावं लागतं.

दिवसकार्य उरकल्यावर महिनाभराने फिलिपिन्सच्या मैत्रिणीला मी कळवलं. तिने एप्रिलमध्येच ते घर सोडलं होतं, दुसऱ्या शहरात नोकरी घेतली होती. पण सुट्टीच्या दिवशी ती मुद्दाम तिथे गेली. नव्या भाडेकरूने माझ्या नावाची आलेली पत्रं एका पिशवीत ठेवली होती. त्यात कर खात्याचं एक पत्र होतं, एप्रिलच्या शेवटी आलेलं. तुम्ही तुम्हीच आहात याची खात्री पटवण्यासाठी फोन करा, म्हणजे परतावा देता येईल. मैत्रिणीने फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, माफ कर, मी आधी पाहायला हवं होतं. मी तिला लिहिलं, तुझी काही चूक नाही. चूक माझीच होती. मी जिथे राहत नव्हते तिथला पत्ता दिला होता.

संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिथे सकाळ झाल्यावर, मी फोन लावला. तासभर वाद्यसंगीत ऐकल्यावर एक बाई आल्या. जन्मतारीख, जुना पत्ता, नोकरी होती त्या केंद्राचं नाव, आदल्या वर्षीचा पगार, सगळं विचारलं. शेवटी म्हणाल्या, सगळं जुळतंय, आता काही आठवड्यांत पैसे येतील, यापुढे तुम्हाला काही करायची गरज नाही. मी आभार मानून फोन ठेवला. चौदा मिनिटांचं काम होतं. एप्रिलमध्ये ते पत्र माझ्या हातात पडलं असतं तर एप्रिलमध्येच झालं असतं.

काही आठवडे म्हणता म्हणता मार्च उजाडला, आणि मग तो बँकेचा मेसेज. पाठोपाठ त्यांच्या खात्याचं पत्रही मैत्रिणीने नव्या भाडेकरूकडून मागवून पाठवलं. त्यात व्याज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत धरलं ते दिलं होतं. एप्रिलच्या मध्यापासून मार्चपर्यंत, रोजच्या रोज वाढवून. खाली एक ओळ होती, हे व्याज करपात्र उत्पन्न आहे, ते विवरणपत्रात दाखवा.

दोन देशांचा मामला मला एकटीला झेपणारा नव्हता. पनवेलला एसटी स्टँडजवळ एका करसल्लागार बाईंचं छोटं ऑफिस आहे. साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी माझा पासपोर्ट मागून घेतला, शिक्के पाहून भारतातले दिवस मोजले आणि म्हणाल्या, "आता तुम्ही इथल्या रेसिडेंट आहात, मॅडम. म्हणजे जगात कुठेही इन्कम झालं तरी इथे दाखवायचं."

"पण हे माझेच पैसे आहेत ना? माझ्याच पगारातले."

"परतावा तुमचाच. तो इन्कम नाही, त्यावर काही लागत नाही. व्याजाचं तसं नाही. ते तुमच्या पगारात कधीच नव्हतं. तुमचे पैसे तिकडे अडकून राहिले त्याबद्दल त्यांनी दिलेलं आहे, म्हणजे नवीन इन्कम. तिकडचा फॉर्म पुढच्या वर्षी, परदेशी रहिवासी म्हणून वेगळा असतो, पण दोन देशांमधल्या करारातल्या दराने कर आत्ताच भरून टाका. मग इथे इतर उत्पन्नात दाखवायचं आणि तिकडे भरलेल्याची वजावट मागायची. तिकडचं बँक खातंही दाखवावं लागेल. रक्कम लहान आहे म्हणून लोक सोडून देतात. तुम्ही सोडू नका."

"नाही सोडणार," मी म्हटलं.

त्यांनी एक कागद पुढे केला. त्यांच्या फाइलसाठी, उत्पन्न कशाचं आहे ते दोन ओळींत लिहायचं होतं. मी पेन हातात घेतलं. 'उशीर झाल्याबद्दल' असं लिहिलं आणि थांबले. ज्या दिवशी बाबा गॅलरीपर्यंत चालले तो दिवस व्याजाच्या त्या तारखांमध्ये होता. अर्ज लिहायला घेतलेले चार दिवस होते. दवाखान्यातले तीन दिवस होते. त्या प्रत्येक दिवसाचे मला पैसे मिळाले होते आणि ते उत्पन्न म्हणून नोंदवायचे होते. मी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागले. वडील गेल्यापासून मी अशी रडले नव्हते. आईसमोर रडता येत नव्हतं.

त्या बाईंनी उठून बाहेर बसलेल्या माणसाला सांगितलं, अर्ध्या तासाने या, आणि दार लावून घेतलं. पाण्याची बाटली माझ्यासमोर ठेवली. मी शांत झाल्यावर म्हणाल्या, "तो कागद राहू दे. मी लिहिते."

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आई ओट्यापाशी सुकट निवडत होती. पैसे आले, व्याज आलं, पत्ता मी चुकीचा दिला होता, पत्र तिथे पडून होतं. आणि शेवटी, अर्ज मी टाकलाच नव्हता. कपाटातून काढून तिच्यापुढे ठेवला. तिला वाचता येतं, पण तिने कागदाला हात लावला नाही, हात सुकटीचे होते.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली.

मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"त्यांनाबी म्हाईत होता. पावती नाय म्हटलंस तवाच त्यांना समजला. मना बोलले, तिनं टाकला नाय."

"मग मला का नाही विचारलं?"

"मी बोलले, इचारते तिला. तर म्हनाले, नको. तिला परत जायाचा नाय म्हनून टाकला नाय तिनं. तिला आता लाजवू नको." आईने सुकटीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. "लय बरं वाटला त्यांना. त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. मग मना सारखा बोलायचे, पोर राह्यली आपल्याकडं."

जूनमध्ये, जुलैमध्ये, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही मी माझ्या वरिष्ठ बाईंना मेल टाकत होते, जागा निघाली का, मी येऊ शकते. मला जायचं होतं. बाबा जे समजले ते खरं नव्हतं. ते समाधानाने गेले हे मला कळलं, आणि ते समाधान कशावर उभं होतं तेही मला एकटीलाच कळलं. आईला मी हे सांगितलं नाही. अजूनही नाही सांगितलेलं.

तिने हात धुतले, पदराला पुसले, मग तो कागद घेऊन खिडकीपाशी गेली आणि बोट ठेवून वाचत बसली. तिला बराच वेळ लागला. मी सुकट भिजत घातली.

तिकडच्या कर खात्याला मी मेमध्ये नवा पत्ता कळवला. व्याजावरचा कर कार्डाने आगाऊ भरला. जुलैमध्ये करसल्लागार बाईंनी इथलं विवरणपत्र भरून दिलं. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून एकेक रकाना दाखवला. देश, रक्कम, तिकडे भरलेला कर. इतर उत्पन्न या शीर्षकाखाली ते व्याज एका ओळीत बसलं होतं. मी ओटीपी सांगितला, त्यांनी बटण दाबलं. फी विचारली तर नेहमीचीच घेतली, कमी केली नाही, आणि मला ते बरं वाटलं.

ऑगस्टच्या शेवटी वरिष्ठ बाईंचा मेल आला. एक जागा निघाली आहे, सहा महिन्यांत येऊ शकशील का. आईला वर्षश्राद्धाची यादी करायची होती, त्या गडबडीत मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं की आई एकटी आहे, या वेळी जमणार नाही, पण तुम्ही आठवण ठेवलीत त्याबद्दल मनापासून आभार. पाठवल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

आता मी घरोघरी जाऊन उपचार करते. खांदा कॉलनी, कळंबोली, नवीन पनवेल. रिक्षाने जाते, दिवसाला चार-पाच घरं होतात. मागच्या आठवड्यात बेलपाड्याहून बोलावणं आलं. सत्तरीच्या एक बाई, डावी बाजू गेलेली. त्यांची सून दाराशी उभी राहून विचारत होती, किती दिवसांत चालतील, ताई? मी त्यांचा घोटा हातात घेऊन हळूहळू वर-खाली करत होते. स्नायू कडक झाला होता, पण थोडा प्रतिसाद होता. मी सुनेला म्हटलं, आत्ताच सांगता येणार नाही. उद्या नऊ वाजता येते, त्यांना न्याहारी देऊन ठेवा.